ब्रिटिश ‘मतैक्या’ची चिकित्सा : ॲटली ते कॅलाहन

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनचा इतिहास लिहिताना ‘मतैक्य’ हा शब्द इतका सरसकट योजला जातो की, ते एक प्रमेय आहे, सिद्ध झालेली वस्तुस्थिती नव्हे, याचा विसर पडावा. १९४५ ते १९७९ या चौतीस वर्षांत मजूर व हुजूर हे पक्ष आळीपाळीने सत्तारूढ झाले. तथापि पूर्ण रोजगार, सामाजिक विमा, राष्ट्रीय आरोग्य सेवा, संमिश्र अर्थव्यवस्था व कामगार संघटनांशी विचारविनिमय या पाच बाबतींत त्यांच्यात तात्त्विक भेद उरला नव्हता, असे या प्रमेयाचे थोडक्यात स्वरूप आहे. फेब्रुवारी १९५४ मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने हुजूर पक्षाचे अर्थमंत्री बटलर व त्यांचे मजूरपक्षीय पूर्वाधिकारी गेट्स्केल यांच्या नावांचा सांधा जोडून ‘मिस्टर बट्स्केल’ हे काल्पनिक पात्र निर्माण केले, तेव्हापासून ही कल्पना रूढ झाली. पॉल ॲडिसन यांनी ‘द रोड टू १९४५’ (१९७५) या ग्रंथात तिला इतिहाससंशोधनाची बैठक दिली. हे मतैक्य युद्धकालीन संयुक्त मंत्रिमंडळातच घडले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढे बेन पिम्लट यांनी १९८८ मध्ये हे सारे मतैक्य एक मिथक असल्याचा आक्षेप घेतला. तत्पूर्वी कॉरेली बार्नेट यांनी ‘द ऑडिट ऑफ वॉर’ (१९८६) मध्ये मतैक्य मान्य करून त्यालाच ब्रिटनच्या औद्योगिक ऱ्हासाचे मूळ ठरविले होते.

या तिन्ही भूमिकांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यांच्यात परस्परविरोध असला तरी एक गृहीत समान आहे. ते असे की, कल्याणकारी राज्याची व्यवस्था हा ब्रिटनचा घरगुती व्यवहार होता, आणि ती समजून घ्यावयाची तर पक्षांचे जाहीरनामे, अहवाल व नेत्यांची मते पाहावीत. प्रस्तुत लेखकाच्या मते हे गृहीतच तपासले पाहिजे. पंतप्रधानाचे अंतर्गत धोरण त्याने दिलेल्या वचनांत जितके दिसते, त्याहून अधिक स्पष्टपणे ते संकटाच्या घटकेला त्याने काय सोडले व काय सोडण्याचे नाकारले यांत दिसते. १९४५ नंतरच्या ब्रिटनमध्ये असे संकट वारंवार एकाच रूपाने आले. ते रूप पौंडाचे होय. या कसोटीवर पाहिले असता मतैक्य मिथकही ठरत नाही आणि आपोआप लाभलेली वस्तुस्थितीही ठरत नाही. प्रत्येक वेळी वाद होऊन, कोणाचा तरी पराभव होऊन घेतलेल्या निर्णयांचे ते फलित आहे. आणि त्याचा काही भार ब्रिटनबाहेरच्या धनकोंनी, म्हणजे अन्य देशांबरोबर आपणही, वाहिलेला आहे.

प्रथम ॲटली यांच्या मंत्रिमंडळाचा विचार करू. जुलै १९४५ मध्ये ते अधिकारारूढ झाले तेव्हा बेव्हरिज अहवाल (१९४२) आणि रोजगारविषयक श्वेतपत्रिका (१९४४) त्यांच्यापुढे तयार होत्या. ॲडिसन यांचा सिद्धांत येथवर निर्विवाद आहे. परंतु कार्यक्रम तयार असणे निराळे आणि त्यासाठी पैसा असणे निराळे. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेची उधार-उसनवार मदत अकस्मात् बंद झाली. डिसेंबर १९४५ मध्ये केन्स यांनी वॉशिंग्टन येथे ३७५ कोटी डॉलरांच्या कर्जाचा करार घडवून आणला. व्याज दोन टक्के, आणि फेड १९५१ पासून पन्नास वार्षिक हप्त्यांनी. या कर्जाचा शेवटचा हप्ता २००६ च्या डिसेंबरात फिटला, एवढ्यावरून त्याच्या दीर्घ सावलीची कल्पना यावी. कराराची कळीची अट अशी होती की, करार अंमलात आल्यापासून एका वर्षाच्या आत पौंड हा चालू व्यवहारांपुरता डॉलरमध्ये परिवर्तनीय करावा.

ही अट जाचक का ठरली, हे समजण्यासाठी पौंडपावन्याचा प्रश्न ध्यानी घेणे अवश्य आहे. युद्धकाळात ब्रिटनने भारत, ईजिप्त आदी देशांकडून माल व सेवा घेतल्या आणि त्यांची किंमत लंडनमधील पौंडांच्या जमेने चुकती केली. भारतापुरती ही यंत्रणा अशी होती : लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा व्हावयाचे, आणि त्यांच्या आधारावर येथे रुपयाच्या नोटा निघावयाच्या. माल बाहेर किंवा सैन्याकडे गेला आणि नोटा येथे राहिल्या. त्यातून जी चलनवाढ झाली तिची झळ कोणास लागली, हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या संदर्भात सांगावयास नको. युद्धाच्या अखेरीस ब्रिटनचे असे एकूण देणे साडेतीनशे कोटी पौंडांच्या आसपास होते. त्यांत भारताचा वाटा सुमारे १३० कोटी पौंडांचा, म्हणजे सर्वांत मोठा होता. १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स येथे भारतीय प्रतिनिधींनी, विशेषतः ए. डी. श्रॉफ यांनी, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न केला. तो ब्रिटनने मान्य केला नाही. हा धनको व ऋणको यांच्यामधील व्यवहार आहे, असे उत्तर मिळाले.

१५ जुलै १९४७ रोजी पौंड परिवर्तनीय झाला. डॉलरांचा ओघ असा बाहेर वाहू लागला की, २० ऑगस्ट रोजी, म्हणजे पाच आठवड्यांतच, ही परिवर्तनीयता स्थगित करावी लागली. तोवर अमेरिकी कर्जाचा फार मोठा भाग संपला होता. याच वर्षाच्या प्रारंभी कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या आणि त्याच हिवाळ्यात कोळशाअभावी कारखाने बंद पडले होते. पुढच्या वर्षी, ५ जुलै १९४८ रोजी, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. पौंड परिवर्तनीय ठेवता न येण्याइतकी ओढग्रस्त अवस्था असताना ही सेवा वर्षभरात सुरू व्हावी, हे मतैक्याच्या कल्पनेने उलगडत नाही. अर्थमंत्री क्रिप्स यांनी आयातीवर कडक नियंत्रण ठेवले, वेतनवाढीस आळा घातला आणि उपभोग दाबून धरला. युद्धकाळातही नसलेले पावाचे रेशनिंग १९४६ ते १९४८ या काळात ब्रिटिश जनतेने सोसले. त्याचबरोबर धनको देशांचे पौंड गोठविलेले राहिले व ते हप्त्याहप्त्याने मोकळे करण्यात आले. ऑगस्ट १९४७ व जुलै १९४८ मधील भारत-ब्रिटन करार याच स्वरूपाचे होते. मागे राहिलेले लष्करी साहित्य व ब्रिटिश अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने यांची किंमतही या जमेतून वळती झाली.

१८ सप्टेंबर १९४९ रोजी पौंडाचा दर ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणण्यात आला. ब्रिटनच्या दृष्टीने हा निर्यातीस चालना देणारा उपाय होता. धनकोच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, पौंडांत मोजलेल्या पावन्याची डॉलरांतील खरेदीशक्ती एका दिवसात ३०.५ टक्क्यांनी घटली. भारताने रुपयाचेही तितकेच अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि त्यातून दोन्ही देशांच्या ज्यूट व कापसाच्या व्यापारात उद्भवलेला पेच आपल्या आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. ॲटली यांच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन करणाऱ्या ग्रंथांत हा खर्चाचा रकाना सहसा कोरा असतो. ब्रिटिश कामगारास वृद्धापकाळी विमा व आजारपणी औषध मिळाले, ही गोष्ट मोठीच आहे, आणि तिचे मोल या उल्लेखाने कमी होत नाही. परंतु हिशेब मांडावयाचा तर तो दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे.

मतैक्याच्या सिद्धांतास पहिला धक्का मजूर मंत्रिमंडळाच्या अंतर्भागातच बसतो. कोरियन युद्धानंतर तीन वर्षांसाठी ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यासाठी १९५१ च्या अंदाजपत्रकात गेट्स्केल यांनी कृत्रिम दात व चष्मे यांच्या किमतीचा अर्धा भार रुग्णांवर टाकला. त्या वर्षाची बचत होती १ कोटी ३० लक्ष पौंडांची. एवढ्या रकमेसाठी बेव्हन व हॅरोल्ड विल्सन यांनी राजीनामे दिले. बार्नेट यांच्या प्रतिपादनातील उणीव येथे उघड होते. कल्याणकारी स्वप्नासाठी उद्योगधंद्यांचे आधुनिकीकरण बाजूस राहिले, असे ते म्हणतात. परंतु यंत्रे, पोलाद व कुशल मनुष्यबळ यांवर शस्त्रसज्जतेने जी ओढ लावली, ती चष्म्यांनी व दातांनी लावलेली नव्हती. साम्राज्योत्तर जगात महासत्तेचा आव राखण्याचा खर्च त्यांच्या लेखापरीक्षणात फार हलका धरला गेला आहे.

ऑक्टोबर १९५१ मध्ये चर्चिल परत आले ते अवघ्या सतरा जागांच्या बहुमताने. एकूण मते मजूर पक्षासच अधिक पडली होती. आरोग्य सेवा व सामाजिक विमा यांना त्यांनी हात लावला नाही, यात तात्त्विक स्वीकारापेक्षा या संख्येचा भाग किती, याचा विचार मतैक्यवादी लेखक पुरेसा करीत नाहीत. पण खरी परीक्षा फेब्रुवारी १९५२ मध्ये झाली. सोने व डॉलर यांची गंगाजळी झपाट्याने आटत होती. अशा वेळी अर्थखाते व बँक ऑफ इंग्लंड येथील रोवन, बोल्टन व ऑटो क्लार्क या तीन अधिकाऱ्यांच्या नावांवरून ओळखली जाणारी ‘रोबोट’ योजना बटलर यांनी मंत्रिमंडळापुढे मांडली. पौंडाचा दर तरता ठेवावा, परदेशीयांच्या हातांतील पौंड परिवर्तनीय करावा, आणि स्टर्लिंग क्षेत्रातील देशांच्या जमेचा बहुतांश भाग गोठवावा, अशी ती त्रिसूत्री होती. बाहेरच्या दाबाचा भार यापुढे गंगाजळीवर न पडता अंतर्गत भाव व रोजगार यांवर पडावा, हा तिचा आशय होता. योजना अंमलात आली असती तर १९४४ च्या श्वेतपत्रिकेतील रोजगाराचे अभिवचन निरर्थक झाले असते, आणि पहिली पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू केलेल्या भारताच्या हातून परकीय चलनाचा एक प्रमुख आधार निसटला असता. राष्ट्रकुलाच्या अर्थमंत्र्यांची परिषद लंडन येथे जानेवारीतच भरली होती. त्यानंतर महिन्याभरात, या देशांशी रीतसर विचारविनिमय होण्यापूर्वीच, ही योजना निर्णयाच्या उंबरठ्यावर आली होती.

चेरवेल, सॉल्टर व ईडन यांच्या विरोधामुळे ती बारगळली. येथे पिम्लट यांच्या आक्षेपाची मर्यादा दिसते. मतैक्य केवळ मिथक असते, तर हुजूर मंत्रिमंडळाने अर्थमंत्री व मध्यवर्ती बँक यांचा आग्रह बाजूस सारला नसता. पण ॲडिसन यांच्या सिद्धांताचीही मर्यादा येथेच दिसते. १९४५ मध्ये जे कायमचे ठरले असे म्हटले जाते, ते १९५२ मध्ये पुन्हा निर्णयार्थ मांडले गेले होते. विशेष म्हणजे, ज्यांच्या नावावरून ‘बट्स्केल’ हा शब्द बनला ते बटलरच या योजनेचे पुरस्कर्ते होते. दोन वर्षांनी त्यांना मतैक्याचे प्रतीक बनविले गेले, कारण ही हकीकत त्या वेळी जनतेस अज्ञात होती. पराभूत झालेला पर्याय दप्तरात बंद राहिला म्हणजे विजयी पर्याय सर्वसंमत वाटू लागतो. इतिहासकाराने या भ्रमापासून सावध राहावयास हवे.

मॅक्मिलन यांच्या कारकीर्दीत हाच प्रसंग निराळ्या वेषात आला. जुलै १९५७ मध्ये बेडफर्ड येथे केलेल्या भाषणात त्यांनी जनतेच्या अभूतपूर्व सुबत्तेचा उल्लेख केला. ते वाक्य फुशारकी म्हणून स्मरणात राहिले. वस्तुतः त्या भाषणात भाववाढीमुळे ही सुबत्ता टिकेल की नाही, याविषयी इशाराही होता. सप्टेंबरात पौंडावर दबाव येताच बँक-दर पाचावरून सात टक्क्यांवर नेण्यात आला. पुढील वर्षाचा सरकारी खर्च वाढू द्यावयाचा नाही, असा अर्थमंत्री थॉर्निक्रॉफ्ट यांचा हट्ट होता. अखेरीस मतभेद उरला तो सुमारे ५ कोटी पौंडांचा, आणि तेवढ्यावरून त्यांनी, नायजेल बर्च व इनॉक पॉवेल यांच्यासह, जानेवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला. मॅक्मिलन यांनी तो स्वीकारला, आणि हे स्थानिक स्वरूपाचे किरकोळ प्रकरण असल्याचे सांगून ते ठरल्याप्रमाणे राष्ट्रकुलाच्या दौऱ्यास निघाले. त्या दौऱ्यात भारताचाही समावेश होता. परंतु प्रकरण किरकोळ नव्हते. चलनाची स्थिरता आधी की रोजगार आधी, हा प्रश्न हुजूर पक्षातच उपस्थित झाला होता, आणि पंतप्रधानांनी त्याचे उत्तर तीन मंत्री गमावून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय आर्थिक विकास मंडळाची स्थापना आणि त्याच जुलैमध्ये अर्थमंत्री सेल्विन लॉइड यांच्यासह सात मंत्र्यांची गच्छंती, या दोन घटनाही त्याच उत्तराचा विस्तार होत.

ऑक्टोबर १९६४ मध्ये विल्सन यांच्या पदरी अवघे चार जागांचे बहुमत व देवघेवीच्या ताळेबंदातील प्रचंड तूट एकदम आली. अवमूल्यन करावयाचे नाही, हा निर्णय त्यांनी पहिल्या काही दिवसांतच घेतला. १९४९ चे अवमूल्यन मजूर पक्षाच्या माथी मारले गेले होते. तो ठपका पुन्हा नको, ही राजकीय प्रेरणा उघड होती. परिणाम असा झाला की, सप्टेंबर १९६५ मध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी प्रसिद्ध केलेली राष्ट्रीय योजना, जी १९७० पर्यंत उत्पादनात २५ टक्के वाढ गृहीत धरून चालली होती, ती जुलै १९६६ च्या खर्चकपातीत व सहा महिन्यांच्या वेतनबंदीत बुडाली. पौंड वाचविण्यासाठी योजना सोडली, आणि शेवटी १८ नोव्हेंबर १९६७ रोजी २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर येऊन पौंडही सोडावा लागला. १९५१ मध्ये चष्म्यांवरील आकारासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या विल्सन यांच्याच मंत्रिमंडळाने १९६५ मध्ये रद्द केलेला औषधचिठ्ठ्यांवरील आकार १९६८ मध्ये पुन्हा बसविला. यास व्यक्तिगत विसंगती म्हणून सोडून देता येणार नाही. एकाच वचनास बांधलेले दोन पंतप्रधान संकटसमयी परस्परविरुद्ध गोष्टी सोडू शकतात, हे येथे दिसते : मॅक्मिलन यांनी अर्थमंत्री सोडला, विल्सन यांनी विकासयोजना सोडली. ‘मतैक्य’ या एका शब्दाखाली दोघांस बसविले म्हणजे हा भेद पुसला जातो.

येथे एक आक्षेप संभवतो. सर्व काही पौंडाच्या दराने ठरत होते, असे म्हणणे ही एककारणवादी अतिशयोक्ती नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि हीथ यांच्या कारकीर्दीवरून ते पटते. जानेवारी १९७२ मध्ये बेकारांची संख्या दहा लक्षांवर गेली. बाजाराच्या शिस्तीचा पुरस्कार करीत अधिकारावर आलेल्या हीथ यांनी, रोल्स-रॉइसचे राष्ट्रीयीकरण आदल्याच वर्षी केलेले असताना, आता उद्योगांना साहाय्य देणारा कायदाही केला आणि विस्तारवादी अंदाजपत्रक स्वीकारले. जून १९७२ मध्ये पौंड तरता झाला. म्हणजे विकासासाठी दर सोडण्याचा प्रयोग प्रत्यक्ष झाला. तरीही भाववाढ, १९७३ ची तेलाची दरवाढ व खाणकामगारांचा लढा यांपुढे हीथ यांचा टिकाव लागला नाही. तीन दिवसांचा आठवडा लागू करून फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांना मतदारांपुढे जावे लागले. पौंडाच्या बेडीतून सुटका झाली म्हणजे पूर्ण रोजगाराचा मार्ग निष्कंटक होतो असे नाही, हे यावरून सिद्ध होते. वेतनांविषयीची तडजोड हा त्या व्यवस्थेचा दुसरा पाया होता आणि तोही ढासळत होता.

कॅलाहन यांच्या वाट्यास या दोन्ही पायांचा हिशेब एकदम आला. १९७५ मध्ये भाववाढीचा वार्षिक दर सुमारे २४ टक्के झाला होता. सप्टेंबर १९७६ मध्ये ब्लॅकपूल येथील पक्ष-अधिवेशनात त्यांनी स्पष्ट सांगितले की, सरकारी खर्च वाढवून मंदीतून बाहेर पडण्याचा मार्ग आता उरलेला नाही. त्यानंतर नाणेनिधीकडे ३९० कोटी डॉलरांची मागणी करण्यात आली. मंत्रिमंडळात दीर्घ चर्चा झाली; क्रॉसलंड यांनी कपातीस विरोध केला, हीली यांनी आग्रह धरला, आणि कॅलाहन यांनी सर्वांस बोलू देऊन अखेरीस हीली यांची बाजू घेतली. पुढे कळून आले की, ज्या तुटीच्या अंदाजावर हा वाद झाला तो अंदाज फुगलेला होता आणि कर्जाची पूर्ण रक्कम उचलावीही लागली नाही. १९७७ च्या आरंभी बाझल येथील करारान्वये मध्यवर्ती बँकांच्या हातांतील पौंडांच्या जमेची क्रमशः निरवानिरव करण्याची व्यवस्था झाली. १९४५ मध्ये उघडलेले खाते अशा रीतीने बत्तीस वर्षांनी बंद होऊ लागले. मतैक्याच्या शेवटाचा दिनांक द्यावयाचाच तर तो मे १९७९ हा नसून हे दिवस होत. थॅचर यांनी ऑक्टोबर १९७९ मध्ये चाळीस वर्षांचे विनिमय-नियंत्रण उठविले, १९८२ च्या आरंभी बेकारांची संख्या तीस लक्षांपलीकडे जाऊ दिली. परंतु राष्ट्रीय आरोग्य सेवा मोडली नाही. म्हणजे तथाकथित मतैक्यातील पूर्ण रोजगाराचा घटक गळाला, आरोग्याचा राहिला. एकसंध वस्तू अशी अर्धवट मोडत नाही. ती मुळात वेगवेगळ्या निर्णयांची जुळणी होती, म्हणूनच तिचे भाग वेगवेगळ्या वेळी सुटे झाले.

या विवेचनातून निष्पन्न होणारा निष्कर्ष केवळ पारिभाषिक नाही. एखादी व्यवस्था सर्वांच्या संमतीने आपोआप उभी राहिली असे मानले की, ती उभारल्याचे श्रेय कोणाचेच राहत नाही, आणि ती मोडल्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. पूर्ण रोजगाराचे धोरण १९५२ व १९५८ मध्ये कोणी तरी वाचविले आणि १९७६ मध्ये कोणी तरी सोडले. त्यांची नावे, कारणे व पर्याय उपलब्ध आहेत. ती पुढे मांडणे हेच राजकीय इतिहासाचे काम होय.

आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे. ब्रिटिश कल्याणकारी राज्याचा अभ्यास आपण बहुधा एक परकीय आदर्श म्हणून करतो व त्याच्या यशापयशाचे धडे घेतो. परंतु त्याच्या जमाखर्चात भारत हा प्रेक्षक नव्हता. तो सर्वांत मोठा धनको होता. पौंडपावन्याविषयीचे आपले लेखन बहुतांशी भारताच्या विकासयोजनांच्या अंगाने झालेले आहे, आणि ब्रिटिश पंतप्रधानांविषयीचे लेखन लंडनच्या मंत्रिमंडळ-कक्षाच्या अंगाने. या दोन लेखनपरंपरा एकमेकींस क्वचितच ओळखतात. ‘रोबोट’विषयक चर्चा आणि त्या सुमाराची भारतीय परकीय चलनाची स्थिती एकत्र ठेवून वाचणारा संशोधक आपल्या विद्यापीठांतून निघाला, तर मतैक्याच्या वादास तो अशी बाजू जोडील, जी ॲडिसन, पिम्लट व बार्नेट या तिघांच्याही मांडणीत अपुरी राहिली आहे.